रुईपाशी थांबा : नाशिकमध्ये प्लेन टायगर फुलपाखरू ओळखायला शिकताना

फुलपाखरं बघायला सुरुवात करायची म्हटली की लोक आधी कॅमेऱ्याची चौकशी करतात, मग अंजनेरीला कधी जायचं ते विचारतात. दोन्हीची घाई नको. डोंगरावर पहिल्याच दिवशी समोरून वीस प्रकारची फुलपाखरं जातात, एकही नीट बसत नाही, आणि घरी येताना डोक्यात उरतं ते 'काहीतरी केशरी गेलं, काहीतरी पांढरं गेलं' एवढंच. त्यापेक्षा एकच जात धरा आणि तिचं झाड धरा. झाड पळत नाही. आज दिसलं नाही तर उद्या त्याच जागी परत जाता येतं.

नाशिककरांसाठी ती जात म्हणजे प्लेन टायगर, आणि झाड म्हणजे आपली रुई. हे फुलपाखरू वर्षभर दिसतं, जमिनीलगत हळू उडतं, रंग ठळक आहे, आणि अंड्यापासून पंखांपर्यंतचा त्याचा सगळा संसार कंबरेएवढ्या झुडपावर बघता येतो. नवशिक्याला आणखी काय हवं?

पायरी १ : आधी रुई शोधा

यासाठी शहराबाहेर जायची गरज नाही. पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर, म्हसरूळ, आडगाव, जिथं जिथं मोकळे प्लॉट आहेत तिथं रुई आहे. महामार्गाच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, पांडवलेणीच्या डोंगराच्या उतारावर, गोदाकाठच्या कोरड्या पट्ट्यात ती पाण्यावाचून मजेत उभी असते. पानं जाड, राखाडी झाक असलेली हिरवी, समोरासमोर आणि देठ जवळजवळ नसल्यासारखी. खालच्या बाजूला पांढरट लव असते, बोटाने पुसली की निघते. फुलं जांभळट-पांढरी, मेणाची केल्यासारखी. पान मोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो.

त्या चिकाबद्दल इथंच सांगून टाकतो. तो विषारी आहे आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला खरोखर इजा होते. पानं हाताळून झाली की साबणाने हात धुवा, आणि तोपर्यंत डोळे चोळू नका. लहान मुलं बरोबर असतील तर पानं उलटायचं काम तुम्ही करा, बघायचं काम त्यांना द्या. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि थेट डॉक्टरांकडे जा. घरगुती उपाय करत बसू नका.

कोणती रुई निवडायची यालाही महत्त्व आहे. डोक्याच्या वर गेलेली, धुळीने माखलेली जुनी झाडं सोडा. कंबरेएवढी, उन्हात उभी, शेंड्याला कोवळी पानं फुटलेली अशी तीन-चार झुडपं जवळजवळ असतील तर उत्तम. मादी अंडी घालायला कोवळी पानं पसंत करते आणि लहान अळीलाही तीच सोपी जातात. जागा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, कारण इथं एकदा येऊन भागणार नाही. आणि द्राक्षबागेच्या बांधावरची रुई फवारणीच्या हंगामात टाळाच. औषधाचा शिडकावा वाऱ्याबरोबर बांधापर्यंत येतो.

एक गोष्ट मात्र खास आपल्याकडची. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, त्यामुळे देवळाजवळची आणि वस्तीलगतची झुडपं शुक्रवारी संध्याकाळीच ओरबाडली जातात. त्यातल्या त्यात कोवळी, स्वच्छ पानं आधी जातात, म्हणजे नेमकी अंडी असलेली. माळ करू नये असं मी म्हणणार नाही. मारुतीचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनेरीच्या पायथ्याशी राहून ते म्हणणं शोभणारही नाही. पण पान खुडण्याआधी ते उलटून बघायला दोन सेकंद लागतात. अंडं किंवा अळी दिसली तर ते पान राहू द्या, शेजारचं घ्या. आणि निरीक्षणासाठी झाड निवडताना देवळाच्या वाटेवरचं निवडू नका.

पायरी २ : रंगरूप पक्कं करा

पंख पसरले की प्लेन टायगर साधारण ७ ते ८ सेंटिमीटर भरतं. रंग पिवळसर केशरी, म्हणजे पिकलेल्या पपईच्या गराच्या जवळ जाणारा. पुढच्या पंखांचं टोक काळं आणि त्या काळ्यात तिरपा पांढरा पट्टा. दोन्ही पंखांना काळी किनार, किनारीत पांढऱ्या ठिपक्यांची रांग. डोकं आणि छाती काळी, त्यावरही पांढरे ठिपके. हे ठिपके इतके स्पष्ट असतात की मोबाइलच्या साध्या फोटोतही मोजता येतात.

पण खरी खूण मागच्या पंखाच्या मध्यावर आहे. तिथं थोडे काळे ठिपके असतात. मादीत तीन, नरात आणखी एक, म्हणजे चार. नराचा हा चौथा ठिपका इतरांपेक्षा फुगीर दिसतो, आणि पंख मिटलेले असताना खालच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या मध्यभागी पांढरं दिसतं. ती त्याची गंधाची पिशवी. तिचं काम पुढे सांगतो. तूर्त एवढंच की फुलपाखरांत नर-मादी लांबून ओळखता येणं ही चैन आहे, आणि इथं ती पहिल्याच जातीत मिळते.

आता पाय मोजा. कीटकाला सहा पाय हे शाळेत शिकलेलं असतं, पण फुलावर बसलेलं प्लेन टायगर चारच पायांवर उभं दिसेल. पुढची जोडी आखूड होऊन छातीशी घट्ट दुमडलेली असते, चालायला तिचा उपयोग नाही. निम्फॅलिडी नावाच्या मोठ्या कुळातल्या फुलपाखरांचं हे लक्षण आहे.

मोबाइलवर फोटो टाकून नाव शोधलं तर बऱ्याचदा 'मोनार्क' असं उत्तर येतं. ते चुकीचं आहे. अमेरिकेतून मेक्सिकोपर्यंत हजारो किलोमीटर जाणारं मोनार्क हे याच डॅनाउस प्रजातीतलं भावंड, पण ते आपल्याकडे नाही. आपल्या या पाहुण्याचं शास्त्रीय नाव डॅनाउस क्रायसिपस. लिनिअसने १७५८ मध्येच त्याची नोंद केली होती.

पायरी ३ : वेळ साधा

वर्षभर दिसतं हे खरं असलं तरी सुरुवात करायला पावसाळ्याचा उत्तरार्ध ते दिवाळीचा काळ सगळ्यात चांगला. रुईला नवी पालवी असते, रानफुलं फुललेली असतात, आणि एकाच झुडपावर अंडी, अळ्या, कोष सगळं एकदम सापडायची शक्यता याच काळात जास्त. उन्हाळ्यात बाकीची फुलपाखरं कमी होतात तेव्हाही रुई हिरवी असते, त्यामुळे प्लेन टायगर टिकून राहतं.

सकाळी उडायला लागणाऱ्या पहिल्या फुलपाखरांत हे असतं आणि संध्याकाळी शेवटी थांबणाऱ्यांतही. तरी आठ ते अकरा ही वेळ धरा. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, उशिरा गेलात तरी चालेल. ऊन चढेपर्यंत ती झुडपाच्या उन्हाकडच्या बाजूला पंख पसरून अंग तापवत बसलेली असतात. जवळून बघायला ही उत्तम संधी, कारण गार अंगाने त्यांना चटकन उडता येत नाही. संध्याकाळी उशिरा तीच एखाद्या वाळक्या काटकीला गटाने लटकून रात्र काढायच्या तयारीत दिसतात.

जाताना तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. एवढं पाळलं तर भडक शर्ट, साधे बूट, स्वस्त मोबाइल काहीही चालतं.

पायरी ४ : पान उलटा

या कामात जास्तीत जास्त वेळ इथं घालवा. उडणारं फुलपाखरू कोणालाही दिसतं. पानाखालचं दिसायला लागलं की तुम्ही नवशिके राहत नाही.

आधी मादीवर नजर ठेवा. फुलांकडे न जाता ती रुईभोवती घुटमळत असेल, पानावर बसून पाय टेकवून उठत असेल, तर ती अंड्यासाठी जागा तपासते आहे. झाड बरोबर आहे की नाही हे तिला पायांनी 'चाखून' कळतं. मग ती पानाच्या कडेला बसते, पोट खाली वळवते, एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या पानाकडे जाते. एका जागी ढीग घालत नाही. ती गेली की ते पान हलक्या हाताने उलटा. टाचणीच्या डोक्याएवढं, रुपेरी पांढरं, टोकाशी निमुळतं अंडं दिसेल. भिंग असेल तर त्यावरच्या उभ्या कंगोऱ्यांच्या रेषाही दिसतील. त्या पानाच्या देठापाशी रंगीत दोरा सैलसर बांधून ठेवा म्हणजे पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.

उबदार दिवसांत तीनेक दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी पहिल्यांदा स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग पानाकडे वळते, आणि तिथं तिच्यापुढे मोठीच अडचण असते. रुईचं पान कुरतडलं की चीक उसळतो आणि तो हवेत चिकट होऊन घट्ट होतो. तांदळाच्या दाण्याहून बारीक अळी त्यात चिकटून मरू शकते. म्हणून ती पानाच्या खालच्या बाजूला आधी एक गोल खाच कोरते. त्या खाचेपाशी चिकाच्या बारीक नळ्या तुटतात, आतल्या वर्तुळात चीक पोहोचत नाही, आणि मग ती निवांत तो आतला भाग खाते. मोठी झाल्यावर ती वर्तुळं कोरत बसत नाही. पानाची मधली जाड शीर किंवा देठच चावून अर्धवट तोडते. पान मान टाकतं, चीक थांबतो, जेवण सुरू. रुईवर गोल भोकं असलेली कोवळी पानं किंवा देठाशी मोडून लोंबणारी पानं दिसली की अळी तिथंच आसपास आहे असं समजा.

अळी एकदा ओळखली की विसरत नाही. अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, मधूनमधून जाड पिवळे ठिपके, आणि पाठीवर तीन जोड्या काळे लांब तंतू. एक जोडी डोक्यामागे, एक मध्ये, एक शेपटाकडे. हे तंतू मऊ असतात, टोचत नाहीत. तरी अळीला हात लावू नका. तिला त्रास होतो आणि तुमच्या बोटांवरचं सॅनिटायझर किंवा डासांचं मलम तिला मारू शकतं. सुमारे दोन आठवड्यांत चार वेळा कात टाकून ती साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. कात टाकण्याआधी ती तासन्‌तास हलत नाही. मेली असं समजून झटकू नका.

सगळ्या अळ्या मोठ्या होणार नाहीत, हे आधीच मनाशी धरा. मुंग्या, कोळी, प्रार्थनाकीटक असतातच. शिवाय काही बारीक गांधीलमाश्या आणि काही माश्या अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात. त्यांची पिल्लं अळीला आतून खातात. चांगली टपोरी अळी एके दिवशी मलूल होते आणि तिच्या अंगातून दुसऱ्याच कोणाचे कोष बाहेर पडतात. नव्या माणसाला हे बघवत नाही. पण यात हात घालू नये असं माझं मत आहे. हे होत नसतं तर नाशिक तालुक्यात रुईला एक पान शिल्लक राहिलं नसतं.

पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते आणि जागा शोधायला निघते. कधी त्याच झाडाच्या पानाखाली, कधी शेजारच्या गवताच्या काडीवर, कधी कुंपणाच्या तारेवर. रेशमाची छोटी गादी विणून शेपटाकडून उलटी लटकते, इंग्रजी जे अक्षरासारखी वाकते, आणि दुसऱ्या दिवशी तिथं कोष असतो. पिंपासारखा, गुळगुळीत, हिरवा किंवा फिकट गुलाबी, त्यावर सोनेरी ठिपके आणि एका बाजूला काळ्या-सोनेरी मण्यांची ओळ. हिरव्या पानात हिरवा आणि वाळक्या काडीवर गुलाबीसर असा तो बऱ्याचदा सापडतो, त्यामुळे नजरेला चटकन येत नाही.

कोष आठवडा ते दोन आठवडे राहतो, थंडीत जास्त. शेवटच्या दिवशी तो पारदर्शक होतो आणि आतला केशरी पंख, काळं टोक, पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलात तर फुलपाखरू बाहेर येताना दिसेल. पंख आधी चुरगळलेले, ओले असतात. तास-दोन तास ते रिकाम्या कोषालाच धरून लटकतं. या वेळात फोटो काढा, पण फांदी हलवू नका. ते खाली पडलं आणि पंख दुमडलेले सुकले तर कायमचं अधू होतं.

पानं उलटताना रुईवरचे बाकीचे रहिवासीही भेटतील. शेंड्यावर पिवळ्या माव्याची दाटी, त्यावर ताव मारणारे ठिपकेदार ढालकिडे, आणि पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा भडक नाकतोडा. तो पकडू नका, डिवचलं की उग्र द्रव उडवतो. फुलांवर घोंघावणारे मोठे काळे भुंगे हे रुईचे खरे परागवाहक.

पायरी ५ : सोंग ओळखा

अळी चिकाची वाट अडवते, पण त्यातलं विष टाळत नाही. रुईतली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं ती अंगात साठवते आणि ती फुलपाखरापर्यंत पोहोचतात. एखाद्या तरुण पक्ष्याने प्लेन टायगर खाल्लं तर त्याला ओकारी येते, आणि तो केशरी-काळा रंग तो पुन्हा विसरत नाही. म्हणूनच हे फुलपाखरू असं संथ, सरळ, जमिनीपासून हातभर उंचीवरून जातं. पळायची गरजच नाही. कातडीही चिवट. पक्ष्याने धरून सोडलं तरी ते मेल्याचं सोंग करून पडतं आणि थोड्या वेळाने उडून जातं. पंखावर चोचीच्या आकाराचा तुकडा गेलेली प्लेन टायगर दिसली तर फोटो जरूर घ्या, ती चाखून सोडलेली असू शकते.

या दबदब्याचा फायदा इतरांनी घेतला नसता तरच नवल. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ती विषारी नाही, नुसतं रूप घेतलं आहे. तिचा नर बघाल तर दोघांचा संबंध आहे हेही पटणार नाही. तो काळा आणि पंखांवर निळसर कडा असलेले मोठे पांढरे गोल. मादी ओळखायची ती मागच्या पंखावरून. मध्यावर तीन-चार ठिपके नाहीत, वरच्या कडेला एकच काळा डाग आहे, तर ती एगफ्लाय. दुसरी खूण वागण्याची. शांत असताना ती प्लेन टायगरसारखीच संथ उडते, पण दचकली की तीर सुटल्यासारखी जाते. तिची अळी रुईवर कधीच सापडणार नाही, ती वाढते घोळीवर. हो, आपण मुगाच्या डाळीत घालतो तीच घोळ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या फुलपाखरांना संरक्षण दिलं त्यात ही जात आहे, तेव्हा 'नीट बघायला' म्हणूनही पकडू नका.

आणखी तिघांशी गल्लत होते. स्ट्राइप्ड टायगर : केशरीच, पण पंखांच्या सगळ्या शिरा जाड काळ्या. टॉनी कोस्टर : लहान, केशरी पंखांवर काळे ठिपके विखुरलेले, पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा पट्टा नाही, कृष्णकमळाचा वेल असलेल्या घरांच्या आसपास नेहमीचा. पेंटेड लेडी : रंग मळकट केशरी, खालून नक्षीदार करडी, उडणं वेगवान. गोंधळ झाला की मागच्या पंखाच्या मध्याकडे परत या, निकाल तिथं लागतो.

पायरी ६ : आता फुलांकडे वळा

अळी पानं खाते, फुलपाखरू पितं. त्याची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते आणि फुलावर बसल्यावर सरळ होते. मधाच्या बाबतीत प्लेन टायगरचे नखरे नाहीत. रस्त्याकडेची एकदांडी, घाणेरी, ओसाडी, बागेतलं कॉसमॉस आणि झिनिया, दसऱ्यासाठी लावलेला झेंडू, सगळं चालतं. एकदांडी तर गवतात बोटभर उंचीवर असते, त्यामुळे पोटावर झोपून फोटो काढायची तयारी ठेवा. घाणेरी ही बाहेरून येऊन माजलेली वनस्पती आहे. तिच्यावर फुलपाखरं येतात म्हणून कोणी ती मुद्दाम लावू नये.

नरांना मात्र मधापलीकडचंही काही लागतं. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर, सुकलेल्या भुरुंडीवर, कुरतडलेल्या पानांवर प्लेन टायगरचे नर सोंड लावून बराच वेळ बसलेले दिसतात. तिथं मध नसतो. ते त्या वनस्पतींतली अल्कलॉइड नावाची द्रव्यं शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. पायरी २ मध्ये सांगितलेली मागच्या पंखावरची पिशवी याच कारखान्याचा भाग. पोटाच्या टोकाशी केसांचे झुपके असतात, ते या पिशवीशी घासून नर तो गंध मादीसमोर उधळतो. ही द्रव्यं न मिळालेला नर प्रियाराधनात मागे पडतो.

नाशिकला हे बघायची सोय चांगली आहे. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग हा खुळखुळ्याचाच सख्खा भाऊ. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात ताग कापून वाळत पडला असेल तर विचारून एक चक्कर मारा. प्लेन टायगरबरोबर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचे नरही तिथं गोळा झालेले दिसू शकतात.

पायरी ७ : नकाशावर बघा

तुमच्या प्लॉटवरच्या या फुलपाखराचा पसारा केवढा आहे हे कळलं की गंमत वाटते. संपूर्ण भारत, श्रीलंका, म्यानमारपासून पुढे आग्नेय आशिया आणि चीनपर्यंत. पश्चिमेला अरबस्तान, जवळजवळ सगळी आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा आणि कॅनरी बेटं. आफ्रिकेत त्याची वेगळी रंगरूपं आहेत, काहींत पुढच्या पंखाचं काळं टोकच नसतं, काहींत मागचे पंख पांढरे. मागच्या पंखावर पांढुरकी छटा असलेलं एखादं आपल्याकडेही क्वचित दिसतं. इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या थडग्यातल्या सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात नदीकाठच्या शिकारीच्या देखाव्यात हे फुलपाखरू रंगवलेलं आहे, आणि ते इतकं नेमकं आहे की जात ओळखता येते.

एवढ्या पसाऱ्याचं कारण साधं. त्याला दाट जंगल लागत नाही, ऊन आणि रुईच्या कुळातलं झाड लागतं. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकचा धो धो पाऊस आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याचं कोरडं माळरान, दोन्हीकडे ते आहे. कोरड्या बाजूला जास्त सहज, कारण रुई तिथं जास्त. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाल तेव्हा कालव्याच्या भरावावरच्या रुईकडेही नजर टाका.

रुई नसेल तिथं कुंपणावरची उतरण शोधा, तिची पानं हृदयाच्या आकाराची आणि फळं मऊ काट्यांची. तिच्यावरही या अळ्या वाढतात. अंजनेरीची प्रसिद्ध कंदीलपुष्पं त्याच कुळातली. तिथं मात्र पान उलटायची, वाट सोडायची सवय घरी ठेवा. या कंदीलपुष्पांतली सेरोपेजिया अंजनेरिका ही जात या डोंगररांगेपुरतीच आहे आणि एक पाऊल चुकीचं पडलं तरी तिचं नुकसान होतं.

पायरी ८ : घरी झाड लावा

अंगण असेल तर रुईच. उन्हाळ्यात फळं तडकतात तेव्हा म्हाताऱ्या उडतात, त्यांच्या टोकाचं चपटं तपकिरी बी पावसाच्या तोंडावर जमिनीत टाका. मूळ खोल जातं म्हणून कुंडीत ती फार दिवस खूश राहत नाही. लहान मुलं किंवा कुंड्यांची पानं चघळणारं कुत्रं-मांजर घरात असेल तर विचार करूनच लावा.

गॅलरीसाठी हळदीकुंकू बरं. लाल-पिवळ्या फुलांचे तुरे, तीन-चार तास ऊन, बेताचं पाणी. त्याची पानं अळीला चालतात आणि फुलं फुलपाखराला. हेही मूळचं परदेशी आणि चीकही विषारीच, तेव्हा शेंगा तडकायच्या आधी कापून टाका, नाहीतर शेजारच्या नाल्यात त्याचं रान होईल. रोपवाटिकेतून आणताना फवारणी केली होती का ते विचारा. झाली असेल तर रोप काही आठवडे जाळीखाली ठेवा आणि नवी पानं आल्यावरच जाळी काढा. घरी एकदा झाड आलं की त्याच्यावर कसलीही फवारणी नाही, निंबोळी अर्कसुद्धा नाही. मावा झाला तर पाण्याच्या धारेने धुवा, आधी अंडी-अळ्या बघून.

कुंडीतलं छोटं झाड दोन-तीन अळ्या सहज फस्त करतात. पानं संपत आली आणि अळी अजून लहान असेल तर बाहेरून रुईची ताजी कोवळी पानं आणून द्या. पालक, कोथिंबीर असले प्रयोग नकोत, ती उपाशी मरेल पण खाणार नाही.

पायरी ९ : लिहून ठेवा

तारीख, जागा, वेळ, झाड कोणतं, काय दिसलं (अंडं, अळी, कोष, नर, मादी), काय करत होतं. साधी वही पुरते. फोटो असतील तर आयनॅचरलिस्टवर किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका, तिथं जाणकार ओळख तपासून देतात. फुलपाखराचा एक फोटो पंख पसरलेला आणि एक मिटलेला असा घ्या, आणि ज्या झाडावर अळी दिसली त्याच्या पानाफुलांचाही एक. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, त्या महिन्यात तुमच्या गल्लीतल्या रुईची नोंदही मोजली जाते.

रुईचं एक वर्ष झालं की पुढचं झाड कढीपत्ता किंवा लिंबू घ्या. त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन येतात, आणि त्यांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. त्यामुळे ओल्या फडक्याने पानं पुसण्याआधी नीट बघून घ्या.